लाल दिवा लागला, मग चित्र कुठे गेलं?

ई-१८० असा शिक्का असलेली व्हीएचएस कॅसेट आपल्याकडच्या पाल पद्धतीत १८० मिनिटं चालते. घरगुती डीव्हीडी रेकॉर्डरमधली तबकडी ‘एसपी’ या नेहमीच्या दर्जाला १२० मिनिटांत भरते. लग्नाची अशी कॅसेट रात्री जेवणं आटोपल्यावर लावून दिली, रेकॉर्डरवरचा लाल दिवा पाहून घरची मंडळी निर्धास्त झोपली. सकाळी तबकडी पाहिली तर सीमांतपूजन आहे, मंगलाष्टकं आहेत, सप्तपदीही आहे. पंगत आणि पाठवणी मात्र नाही. यंत्रात काहीच बिघडलेलं नसतं. तबकडीवरची जागा संपली म्हणून ते थांबलेलं असतं. तरी घरात निदान ठरून जातं: रेकॉर्डर बिघडला.

डीव्हीडी रेकॉर्डरच्या बहुतेक तक्रारींची उकल एका प्रश्नापासून सुरू करता येते. काम अडलं ते नेमकं कधी? बटण दाबताक्षणी यंत्रानं नकार दिला, की काही सेकंद खुडबुड करून मग दिला? अर्ध्यात थांबलं, की शेवटपर्यंत नीट गेलं आणि तबकडी दुसरीकडे लागेना? पडद्यावरचा संदेश या साऱ्या प्रसंगी जवळपास सारखाच असू शकतो: ‘रेकॉर्ड करता येत नाही’ किंवा नुसतं ‘डिस्क एरर’. संदेशापेक्षा वेळ जास्त सांगून जाते, कारण प्रत्येक टप्प्याला यंत्राचा वेगळा भाग कामाला लागलेला असतो.

आधी त्या अपुऱ्या पडलेल्या लग्नाचं पाहू. एकपदरी तबकडीवर ४.७ अब्ज बाइट मावतात. आत येणारं चित्र रेकॉर्डर एमपीईजी-२ पद्धतीनं आवळतो आणि ही ठरलेली जागा वेळेत वाटून देतो. एका तासात तबकडी भरायची असेल तर सेकंदाला सुमारे १० मेगाबिट मिळतात, दोन तासांसाठी ५.२, सहा तासांसाठी जेमतेम १.७. सहा तासांच्या दर्जाला वरातीतल्या नाचाचे चौकोन चौकोन होतात ते याच तुटवड्यामुळे. तीन तासांच्या कॅसेटला ३.५ मेगाबिटच्या आसपास येतात आणि तेवढ्यात व्हीएचएसचं चित्र बऱ्यापैकी टिकतं, कारण मूळ कॅसेटमध्येच तपशील मर्यादित असतो. बऱ्याच रेकॉर्डरमध्ये ‘फ्लेक्झिबल रेकॉर्डिंग’ किंवा ‘एफआर’ अशी सोय असते. कार्यक्रमाची लांबी सांगितली की यंत्र स्वतःच दर्जा ठरवतं. ही सोय मेनूत कुठेतरी आत असते आणि म्हणून वापरली जात नाही. प्रत जास्तच मोलाची असेल तर एकाच्या जागी दोन तबकड्या वापराव्यात.

आता बटण दाबताक्षणी मिळणारा नकार. त्यामागे बहुधा तबकडीची जात असते. पायोनियर कंपनीनं डिसेंबर १९९९ मध्ये जपानच्या बाजारात पहिला घरगुती डीव्हीडी रेकॉर्डर आणला. डीव्हीआर-१००० हे त्याचं नाव, किंमत अडीच लाख येन. तो डीव्हीडी-आरडब्ल्यू या पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या तबकडीवर लिहायचा. पुढच्या वर्षी पॅनासॉनिकनं डीव्हीडी-रॅमवर लिहिणारं यंत्र काढलं, २००१ मध्ये फिलिप्सनं डीव्हीडी+आरडब्ल्यूवालं. तीन कंपन्या, तीन तबकड्या, आणि दिसायला सगळ्या सारख्याच: १२० मिलिमीटर व्यास, १.२ मिलिमीटर जाडी. नावातलं वजा आणि अधिक हे चिन्ह दोन वेगळ्या गटांच्या वेगळ्या मानकांचं आहे. पहिल्या वर्षांतल्या रेकॉर्डरना फक्त आपल्या गटाची तबकडी चालायची. दोन्ही स्वीकारणारी यंत्रं नंतर आली. म्हणून जुना रेकॉर्डर माळ्यावरून काढला की त्याच्या दर्शनी पट्टीवरची चिन्हं आधी वाचावीत आणि मग दुकानात जावं.

चिन्ह जुळूनही नकार येऊ शकतो, आणि तो जास्त गोंधळात टाकतो. प्रत्येक कोऱ्या तबकडीच्या आतल्या कडेला कारखान्यातच काही माहिती भरलेली असते: बनवणाऱ्याचा संकेत, किती वेगानं लिहायचं, लेझर साधारण किती ताकदीनं चालवायचा. रेकॉर्डर ती वाचतो आणि आपल्याजवळच्या यादीशी ताडून पाहतो. ही यादी यंत्र बनलं त्या वर्षीची असते. एकपट-दोनपट वेगाच्या आरडब्ल्यू तबकड्या होत्या तेव्हा बनलेल्या काही रेकॉर्डरना पुढे आलेल्या चारपट-सहापट वेगाच्या आरडब्ल्यू तबकड्या ओळखताच येत नाहीत. तबकडी नवी, महागाची, नावाजलेली, आणि यंत्र तिला हात लावत नाही. काही मॉडेलांसाठी कंपन्यांनी सीडीवरून भरायची नवी यादी दिली होती. ती मिळाली तर उत्तम. एरवी कमी वेगाची तबकडी शोधणं हाच उपाय उरतो.

शिवाय काही सरळ कारणं असतात. तबकडी आधीच बंद केलेली, म्हणजे फायनलाइज केलेली असेल तर तिच्यावर पुढे काही लिहिता येत नाही. डीव्हीडी-आरवरचा कार्यक्रम पुसला तर तो यादीतून जातो, जागा मोकळी होत नाही. आरडब्ल्यूवर साध्या ‘व्हिडिओ’ पद्धतीनं लिहिलं असेल तर शेवटचा कार्यक्रम पुसला तरच जागा परत मिळते. ‘व्हीआर’ पद्धतीत कुठलाही पुसला तरी मिळते. नवी आरडब्ल्यू आधी त्या यंत्रातच फॉरमॅट करून घ्यावी लागते.

तत्काळ नकाराचं दुसरं कारण परवानगीचं असतं, आणि घरगुती कॅसेटींच्या बाबतीत ते सर्वांत जिव्हारी लागतं. आपल्याच मुंजीची कॅसेट लावावी आणि रेकॉर्डरनं सांगावं की ही सामग्री संरक्षित आहे, तिची प्रत करता येणार नाही!

याचं मूळ १९८५ मध्ये आहे. ‘द कॉटन क्लब’ हा चित्रपट व्हिडिओ कॅसेटवर आला तेव्हा मॅक्रोव्हिजन हे संरक्षण त्यावर पहिल्यांदा वापरलं गेलं. टीव्हीच्या संकेतातल्या सगळ्या रेघा पडद्यावर दिसत नाहीत. एक चित्र संपून दुसरं सुरू होईपर्यंतच्या काही रेघा कोऱ्या सोडलेल्या असतात. मॅक्रोव्हिजन त्या कोऱ्या रेघांत जोरकस स्पंदनं भरतं. टीव्ही तिकडे लक्ष देत नाही, पण व्हीसीआरमधली संकेताची पातळी आपोआप सांभाळणारी व्यवस्था त्यानं फसते आणि प्रत अंधारी-उजळ होत राहते. डीव्हीडी रेकॉर्डर फसत नाही. तो ही स्पंदनं ओळखतो आणि काम थांबवतो.

पंचवीस-तीस वर्षं कपाटात पडलेल्या घरगुती कॅसेटमध्ये अशी स्पंदनं नसतात. मात्र फीत ताणलेली असते, तिच्यावर बुरशी चढलेली असते, व्हीसीआरची हेड मळलेली असतात. मग त्याच कोऱ्या रेघांत खरखर शिरते आणि रेकॉर्डरला ती संरक्षणासारखी भासते. खरं आणि भासमान संरक्षण वेगळं ओळखता येतं. बाजारातल्या चित्रपटाच्या कॅसेटवर नकार सुरुवातीपासून आणि सतत असतो. घरगुती कॅसेटवर तो अधूनमधून, चित्र जिथे थरथरतं तिथे येतो. अशा वेळी हेड साफ करून घ्यावीत, ट्रॅकिंग जुळवावं, कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्यावी, शक्य असेल तर दुसरा व्हीसीआर आणावा. एवढ्यानं जमलं नाही तर व्यावसायिक स्टुडिओत ‘टाइम बेस करेक्टर’ असतो. तो डळमळीत संकेताची वेळ नव्यानं बांधून देतो आणि खरखरीच्या जागी स्वच्छ रेघा घालतो. मुंजीच्या कॅसेटसाठी तो खर्च करण्यासारखा आहे.

जपानमध्ये परवानगीचा प्रश्न टीव्हीच्या प्रक्षेपणातच येऊन बसला. एप्रिल २००४ पासून तिथल्या डिजिटल कार्यक्रमांवर ‘एकदाच नोंदवा’ अशी खूण आली. असे कार्यक्रम फक्त सीपीआरएम हे संरक्षण मानणाऱ्या तबकडीवर, तेही व्हीआर पद्धतीनंच उतरवता येत. दुकानात संगणकासाठीच्या स्वस्त आणि रेकॉर्डिंगसाठीच्या किंचित महाग अशा दोन प्रकारच्या तबकड्या शेजारी शेजारी असत. स्वस्त उचलली की घरी नकार. जुलै २००८ मध्ये नियम सैल झाला आणि हार्ड डिस्कवरच्या कार्यक्रमाच्या दहापर्यंत प्रती घ्यायला मुभा मिळाली, तरी तबकडीची अट सुटली नाही.

काही सेकंदांनी येणारा नकार या सगळ्याहून वेगळा असतो. तबकडी यंत्रानं स्वीकारलेली असते, ओळखलेली असते, आणि मग आतून घरघर ऐकू येते, थांबते, पुन्हा येते, आणि शेवटी चूक दाखवली जाते. त्या सेकंदांत घडतं ते फार कौशल्याचं काम आहे.

डीव्हीडी-आर म्हणजे पॉलिकार्बोनेटच्या ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या, आणि त्यांच्यामध्ये एका सेंद्रिय रंगाचा थर. त्या रंगावर ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा लेझर क्षणभर जोरात पडला की तिथे खूण उमटते. या खुणांची सर्पिल वाट इतकी दाट असते की त्रिज्येच्या एका मिलिमीटरमध्ये तिचे तेराशेहून जास्त वेढे बसतात. लेझर जरा कमी पडला तर खूण पुसट, जरा जास्त झाला तर शेजारच्या वेढ्यापर्यंत पसरलेली. योग्य ताकद किती, हे तबकडीगणिक बदलतं, खोलीच्या तापमानानुसार बदलतं, लेझरच्या वयानुसारही बदलतं. म्हणून रेकॉर्डर दर वेळी आधी चाचणी घेतो. तबकडीच्या आतल्या टोकाला त्यासाठी राखून ठेवलेली जागा असते. तिथे तो कमी-अधिक ताकदीनं थोडं थोडं लिहितो, तेच वाचून पाहतो आणि सर्वांत स्वच्छ जमलेली ताकद निवडतो. एकही चाचणी मनासारखी झाली नाही तर तो पुढे जात नाही.

विकत घेतलेले चित्रपट हा रेकॉर्डर छान दाखवतो, मग रेकॉर्डिंगच का करत नाही, या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. वाचताना लेझरची ताकद एका मिलिवॅटच्या आसपास लागते, लिहिताना त्याच्या कितीतरी पट. भिंगावर धुळीचा पातळ पापुद्रा असेल तर वाचण्याचं काम निभावतं, कारण परत आलेला क्षीण संकेत वाढवून घेता येतो. लिहिण्यासाठी मात्र उजेडच तबकडीपर्यंत पुरेसा पोचायला हवा, तिथे वाढवून घ्यायला काही नसतं. म्हातारा होत आलेला लेझरही असाच वागतो. आधी लिहिणं सोडतो, वाचत बराच काळ राहतो.

तपासाचा क्रम सोपा आहे. दुसऱ्या कंपनीची, शक्यतो दुसऱ्या प्रकारची तबकडी घालून पाहावी. ती चालली तर दोष पहिल्या तबकडीचा. दोन-तीन वेगवेगळ्या तबकड्यांना नकार आला आणि चित्रपट मात्र दिसत राहिले, तर संशय भिंगावर. बारीक ब्रश लावलेली, कोरडी साफ करायची तबकडी मिळते, ती एक-दोनदा फिरवून पाहावी. स्वयंपाकघरातल्या फोडणीची वाफ किंवा उदबत्तीचा धूर पोचतो अशा जागी ठेवलेल्या यंत्राला याचा हटकून उपयोग होतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात एक वेगळी अडचण येते. वातानुकूलित खोलीतलं गार यंत्र दमट हवेत आणलं की भिंगावर बाष्प जमतं. तेव्हा तबकडी बाहेर काढून यंत्र तासा-दोन तासांसाठी नुसतं चालू ठेवावं.

भिंग साफ आहे, तबकड्या चांगल्या आहेत, आणि रेकॉर्डचं बटण दाबताच दर्शनी आकडे मंद होतात किंवा यंत्र स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होतं, असं दिसलं तर लक्ष वीजपुरवठ्याच्या पट्टीकडे वळवावं. साधारण १९९९ ते २००७ या काळात जगभरच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंत सदोष इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बसले गेले आणि काही वर्षांत ते फुगले. डीव्हीडी रेकॉर्डर नेमके याच काळातले. लिहिताना वीज जास्त ओढली जाते, फुगलेला कपॅसिटर ती पुरवू शकत नाही, दाब खाली येतो. हे कपॅसिटर किरकोळ किमतीचे असतात आणि चांगला मेकॅनिक ते बदलून देतो. झाकण मात्र घरी उघडू नये. आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर चालणाऱ्या अशा पुरवठ्यातला मोठा कपॅसिटर वायर काढल्यावरही ३०० व्होल्टहून अधिक दाब धरून ठेवू शकतो. ‘लेझर गेला, आता काही होणार नाही’ असं ऐकून यंत्र भंगारात देण्याआधी ही पट्टी तपासून घ्यायलाच हवी, कारण लेझरचा संच त्या त्या मॉडेलचाच लागतो आणि आता तो मिळणं कठीण आहे.

तबकडीच्या दर्जाबद्दलही थोडं सांगायला हवं. १९८३ मध्ये स्थापन झालेली मोझर बेअर इंडिया एके काळी जगातल्या मोठ्या ऑप्टिकल तबकडी उत्पादकांपैकी एक होती. नोएडा आणि ग्रेटर नोएडातल्या कारखान्यांतून निघालेल्या तिच्या तबकड्या इतर कंपन्यांच्या नावांखालीही विकल्या जात. २०१८ मध्ये कंपनीच्या अवसायनाचा आदेश निघाला. लिहिण्यायोग्य तबकड्यांसाठी नावाजलेली जपानची तायो युदेन त्याआधी २०१५ मध्येच या धंद्यातून बाहेर पडली होती. आज दुकानात मिळणारी कोरी तबकडी कधीची आहे, कुठल्या कारखान्यातली आहे, हे वेष्टनावरच्या नावावरून कळत नाही. आणि कोऱ्या तबकडीचा रंगही वर्षांनुवर्षं पडून राहिला की कमकुवत होतो. पन्नासाचा डबा घेण्याआधी पाच-दहा आणून पाहाव्यात.

आता मध्येच थांबणारं रेकॉर्डिंग. इथे एक छोटी परीक्षा फार काम करते: अडथळा तबकडीबरोबर जातो की कॅसेटबरोबर? समजा पहिल्या वेळी ७० व्या मिनिटाला, हळदीच्या प्रसंगात काम थांबलं. दुसऱ्या तबकडीवर तीच कॅसेट अर्धा तास पुढून सुरू करावी. आता ४० व्या मिनिटाला पुन्हा हळदीतच थांबलं, तर फितीत तिथे काहीतरी आहे: चुरगळलेला भाग, तुटलेला संकेत, दोन चित्रीकरणांमधली मोकळी फीत. काही रेकॉर्डर संकेत क्षणभर हरवला तरी थांबतात. हळद नीट पार पडली आणि पुन्हा ७० व्या मिनिटाच्या सुमारासच अडलं, तर दोष तबकडीकडे किंवा यंत्राकडे. डीव्हीडीचं लिखाण आतून सुरू होऊन बाहेर सरकतं, त्यामुळे ठरावीक मिनिट म्हणजे ठरावीक त्रिज्या. बाहेरची कड सर्वांत नाजूक असते. दोन चकत्यांच्या जोडातला किंचितसा वाक तिथे सर्वाधिक जाणवतो, हातांचे ठसेही तिथेच पडतात. जपून काम करणारे लोक तबकडी काठोकाठ भरत नाहीत, शेवटची पाच-दहा मिनिटं रिकामी सोडतात. ती सवय चांगली आहे.

महाराष्ट्रात २००५ नंतरची काही वर्षं भारनियमनाची होती, आणि डीव्हीडी रेकॉर्डर घराघरांत आले तेही याच वर्षांत. रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली की काय होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. चित्र तबकडीवर सतत उतरत असतं. पण कुठला कार्यक्रम कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याची नोंद यंत्र आपल्या स्मृतीत ठेवतं आणि ‘स्टॉप’ दाबल्यावर तबकडीवर लिहितं. वीज गेली की पुस्तक छापलेलं असतं, फक्त त्याची अनुक्रमणिका छापायची राहिलेली असते. म्हणून वीज परत आल्यावर घाईनं तबकडी बाहेर काढू नये. काही यंत्रं आपणहून दुरुस्ती सुरू करतात, त्यांना पुरेसा वेळ द्यावा. त्यांना जमलं नाही तरी तबकडी फेकायची नाही. अनुक्रमणिकेवाचून पडलेलं चित्रीकरण शोधून काढणारी सॉफ्टवेअर आहेत; ‘आयसोबस्टर’ हे त्यातलं जुनं आणि ओळखीचं नाव. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घालून त्यानं बऱ्याचदा बरंच काही परत मिळतं.

यापुढचा प्रकार फसवा, कारण यंत्राच्या लेखी सगळं सुरळीत झालेलं असतं. दिवा लागतो, वेळ सरकते, तबकडी भरते आणि तिच्यात नुसत्या मुंग्या असतात. किंवा निळा पडदा. इथे दोष जोडणीत असतो. रेकॉर्डरला मागे आणि पुढे अशा दोन-तीन जागी पिवळ्या-पांढऱ्या-तांबड्या वायरी लावता येतात, आणि त्यातल्या कुठल्या जागेकडून चित्र घ्यायचं ते त्याला सांगावं लागतं. टीव्ही दुसऱ्या वायरीवरून चित्र दाखवत असतो, त्यामुळे पडद्यावर सगळं दिसतं आणि रेकॉर्डरपर्यंत काही पोचत नाही. चित्र आलं पण रंग गेले, तर एस-व्हिडिओ आणि पिवळी वायर यांची अदलाबदल तपासावी.

मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर केबल डिजिटल झाली आणि रेकॉर्डरच्या आतला ट्यूनर तिथे निरुपयोगी ठरला. वाहिनी बदलण्याचं काम सेट-टॉप बॉक्सकडे गेलं. रेकॉर्डरवर टायमर लावला तरी बॉक्स बंद असेल किंवा वेगळ्याच वाहिनीवर असेल तर ठरल्या वेळी ठरल्या मिनिटांचं भलतंच काही नोंदलं जातं. टायमर लावायचा तर बॉक्स चालू आणि त्याच वाहिनीवर ठेवायला हवा.

याच संदर्भात एक धोका ठळकपणे सांगायला हवा. व्हीसीआर आणि रेकॉर्डर एकाच पेटीत असलेल्या यंत्रात रेकॉर्डचं बटण चुकीच्या बाजूला लागू पडलं तर मूळ कॅसेटवरच नवं काहीतरी उमटतं, आणि ते परत मिळत नाही. कॅसेटच्या कण्याकडच्या बाजूला प्लास्टिकचा एक छोटा तुकडा असतो. तो मोडला की तिच्यावर लिहिता येत नाही. काम हातात घेण्याआधी प्रत्येक कॅसेटचा तो तुकडा मोडून टाकावा.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडून इकडे आलेल्या कॅसेटींची अडचण आणखी वेगळी. तिकडची पद्धत एनटीएससी: ५२५ रेघा, सेकंदाला जवळपास ३० चित्रं. आपली पाल: ६२५ रेघा, २५ चित्रं. इकडचे बरेच व्हीसीआर एनटीएससी कॅसेट दाखवत, पण ते दोन्हींच्या मधला एक संकेत तयार करून देत. आपल्या टीव्हीला तो चालायचा, बहुतेक डीव्हीडी रेकॉर्डरना चालत नाही. नातवाच्या बारशाची कॅसेट टीव्हीवर रंगीत दिसते आणि तबकडीवर काळी-पांढरी, वरखाली सरकणारी होते ती यामुळे. उपाय म्हणजे खरा एनटीएससी संकेत बाहेर देणारा व्हीसीआर मिळवणं, रेकॉर्डरही त्या पद्धतीवर लावणं आणि स्वतंत्र तबकडी घेणं; दोन्ही पद्धती एका तबकडीवर नांदत नाहीत.

राहिला शेवटचा टप्पा. रेकॉर्डिंग पूर्ण झालं, त्याच यंत्रावर उत्तम दिसलं, आत्याकडच्या प्लेअरवर मात्र ‘नो डिस्क’. दहातल्या बहुतेक वेळा तबकडी फायनलाइज करायची राहिलेली असते. या क्रियेत सुरुवातीची आणि शेवटची ठरावीक क्षेत्रं लिहिली जातात, कार्यक्रमांची यादी पक्की होते, आणि मगच इतर प्लेअरना ती डीव्हीडी म्हणून ओळखता येते. काही मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ वीज जाता कामा नये; यूपीएस असेल तर इथे लावावा. मूळ रेकॉर्डर निकामी होण्याआधी घरातल्या सगळ्या अर्धवट तबकड्या एकदा फायनलाइज करून घेणं फार महत्त्वाचं आहे. आरडब्ल्यूची गोष्ट थोडी निराळी. डीव्हीडी-आर पडलेल्या उजेडापैकी ४५ ते ८५ टक्के परत फेकते, आरडब्ल्यू फक्त १८ ते ३०. जुन्या प्लेअरना इतका मंद उजेड वाचता येत नाही. आरडब्ल्यू सरावासाठी छान. ती सुमारे हजार वेळा पुसून लिहिता येते. जपून ठेवायची प्रत डीव्हीडी-आरवर घ्यावी.

प्रत झाल्यावर तिची काळजी कशी घ्यायची हे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेनं २००३ मध्ये एका पुस्तिकेत सांगितलं आहे, आणि त्या सूचना आजही तशाच लागू आहेत. तबकडी पुसायची ती मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत, गोल गोल नाही. चिकटणारी लेबलं लावायची नाहीत. लिहायचं तर पाण्यावर आधारलेल्या शाईच्या मऊ टोकाच्या पेननं. ठेवायची उभी, डबीत, उन्हापासून लांब.

जुलै २०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीनं व्हीसीआर बनवणं थांबवलं. व्हीसीआर बनवणारी ती शेवटची कंपनी मानली जात होती. चालू स्थितीतले व्हीसीआर आणि रेकॉर्डर आता घटतच जाणार आहेत, म्हणून तबकडीवरही मुक्काम करू नये. फायनलाइज केलेली तबकडी संगणकात घातली की ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर दिसतो. त्यात प्रत्येकी जास्तीत जास्त एक गिगाबाइटच्या फाइली असतात. तो फोल्डर जसाच्या तसा हार्ड डिस्कवर उतरवावा, आणखी एक प्रत दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवावी. उतरवल्यावर फाइल उघडते एवढ्यावर समाधान मानू नये. सुरुवात पाहावी, मधला एखादा प्रसंग पाहावा, आणि शेवटची दहा मिनिटं पूर्ण पाहावीत, आवाजासकट. बाहेरच्या कडेवरच्या चुका याच दहा मिनिटांत सापडतात, आणि त्या सापडल्या तर कॅसेट अजून हाताशी असते.